स्तनाच्या कर्करोगाचा प्रतिबंध आणि परिचारिका भगिनी

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त महिला मंडळाने आयोजित केलेल्या आरोग्य मेळाव्यातील भाषण)



आजच्या विषयावर बोलण्यासाठी एका कापड दुकानदाराला का उभे केले, असा प्रश्न आपणांस पडला असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध औषधांची बिले भागविण्यापुरताच आला. महिला मंडळाने माझे नाव सुचविले, तेव्हा बैठकीत थोडी कुजबूज झाली, हे मी लपवीत नाही. एका ज्येष्ठ विश्वस्तांनी विचारले, "हा विषय आपल्या सभागृहात, आणि तोही पुरुषाने मांडावा का?" त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता. मी एवढेच म्हणालो की, या विषयात पुरुष गप्प राहिल्यामुळे माझ्या घरात काय घडले ते मला सांगू द्यावे, नंतर योग्य-अयोग्य आपण ठरवावे. त्यांनी उदार मनाने संमती दिली. आज ते पहिल्याच रांगेत बसले आहेत.

आता जे सांगतो ते माझ्या सौभाग्यवतींच्या परवानगीने सांगतो. सन 2011 मध्ये, दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी, रात्री दुकान बंद करून मी घरी आलो असता त्या म्हणाल्या, "अहो, डाव्या बाजूला काहीतरी गाठीसारखे लागते आहे. दुखत मात्र नाही." हंगामाचा माल नुकताच आला होता, सुरत आणि इचलकरंजीच्या पार्ट्यांचे पैसे द्यावयाचे होते. मी म्हणालो, "दुखत नाही ना? मग दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली. नंतर लग्नसराई आली. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही आणि मीही विचारले नाही. डिसेंबरच्या अखेरीस आम्ही डॉक्टरांकडे गेलो, तेव्हा काखेतही गाठी आल्या होत्या. शस्त्रक्रिया झाली, केमोथेरपी झाली, त्यांचे सर्व केस गेले. पुढे एकदा मी डॉक्टरांना एकांतात विचारले की, त्या तीन महिन्यांमुळे किती नुकसान झाले? ते म्हणाले, "शेठ, तो हिशेब कोणालाच मांडता येणार नाही." जमा-खर्चात आयुष्य घालविलेल्या माणसाला हे उत्तर अजूनही बोचते. त्या आज येथे माझ्यासमोर बसल्या आहेत, ही जिनेश्वरांची कृपा आणि डॉक्टरांचे श्रेय.

'दुखत नाही, म्हणजे काळजी नाही' हा माझा समज होता. वस्तुस्थिती उलट आहे. स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. हे मला शिकविले ते एका परिचारिका भगिनीने, पण फार उशिरा.

त्या भगिनीची भेट कशी झाली तेही सांगण्यासारखे आहे. सौभाग्यवतींच्या उपचारानंतर वर्ष-दीड वर्षाने एक सिस्टर दुकानात आल्या आणि त्यांनी अंगाच्या रंगाचे अर्धा मीटर पॉपलीन मागितले. बायका ब्लाऊजला मागतात त्या रंगाचे ते नव्हते, म्हणून मी सहज विचारले, "कशासाठी पाहिजे?" त्यांनी गिऱ्हाइकांच्या गर्दीतच स्वच्छ सांगितले की, स्तनाची तपासणी शिकविण्यासाठी एक नमुना शिवायचा आहे, आत कापूस आणि त्यात एक-दोन दाणे ठेवायचे, म्हणजे गाठ हाताला कशी लागते ते बायकांना कळते. गादीवरचे दोन नोकर माना खाली घालून घड्या घालू लागले. माझेही कान तापले. पण धंद्याची सवय जात नाही. मी म्हणालो, "सिस्टर, पॉपलीन ताणत नाही. ते दाबले की नुसते कापड लागेल. होजिअरीचे कापड घ्या." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "शेठ, हे आधी कोणी सांगितले नव्हते." त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांच्या नमुन्यांचे कापड आमच्या दुकानातून जाते, या कार्यातील माझा वाटा तेवढाच.

त्यांची शिकविण्याची पद्धत मी सौभाग्यवतींकडून ऐकली आहे, कारण पुढे त्याच त्यांच्याबरोबर घरोघर जाऊ लागल्या. सिस्टर प्रथम कर्करोगाचे नावच काढीत नाहीत. समोरच्या बाईला त्या विचारतात, "तुम्हाला याबद्दल काय ठाऊक आहे?" उत्तरे ऐकण्यासारखी असतात. कोणी म्हणते, हा पूर्वकर्माचा भोग, उपाय नाही. कोणी म्हणते, सुई टोचली की रोग अंगभर पसरतो, म्हणून बायोप्सी करू नये. कोणी म्हणते, आपण शाकाहारी, आपल्याला कशाला होईल? काळ्या किंवा घट्ट अंतर्वस्त्रामुळे कर्करोग होतो का, हे तर मला दुकानातही दबक्या आवाजात विचारले गेले आहे. त्याला काहीही आधार नाही, काळे कापड बिचारे निर्दोष आहे. बायोप्सीने रोग पसरत नाही. उलट, गाठ कसली आहे हे त्याशिवाय खात्रीने कळत नाही. आणि शाकाहाराचे लाभ अनेक असले, तरी या रोगापासून तो अभय देतो असे सिद्ध झालेले नाही. ही शेवटची गोष्ट आपल्या समाजात मुद्दाम सांगावी लागते.

गैरसमज निघाल्यावर सिस्टर नमुना हाती देतात. पहिल्या खेपेस जवळजवळ प्रत्येक बाई बोटांच्या चिमटीत धरून पाहते. चिमटीत धरले तर निरोगी भागही गाठीसारखाच लागतो आणि बाई उगाच घाबरते. मधल्या तीन बोटांचा सपाट भाग टेकवून, आधी हलका, मग मध्यम, मग खोल दाब देत, वरून खाली आणि खालून वर पट्टे घेत जावयाचे. गळ्याच्या हाडापासून खाली आणि काखेपर्यंत एकही जागा सोडावयाची नाही. कापडाच्या ताग्यातील गाठ शोधताना आमची बोटे अशीच फिरतात, म्हणून मला हे चटकन उमगले. बाईला दाणा सापडला की सिस्टर म्हणतात, "आता तुम्ही मला शिकवा." तिने उलटून सांगितल्याशिवाय धडा पूर्ण झाला असे त्या मानीत नाहीत. पाळी संपल्यानंतरचे काही दिवस पाहण्यास सोयीचे, कारण तेव्हा स्तन हुळहुळे नसतात. ज्यांची पाळी गेली त्यांनी कोणताही एक दिवस ठरवावा. आपल्या वयस्क भगिनींनी शुद्ध अष्टमी ठरविली आहे. तारखेपेक्षा तिथी त्यांच्या लक्षात राहते.

गाठीखेरीज डोळ्यांना दिसणारी लक्षणेही आहेत. स्तनाग्र आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, कातडीला खळी पडणे, कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसणे, लाली, न भरणारी जखम, काखेतील गाठ, यांपैकी काहीही नव्याने दिसले तर दाखवावे. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हेही त्याच वेळी सांगावे, नाहीतर भीतीपोटी बाई घरात बसते.

येथवर ऐकून आपणांस वाटेल की, दरमहा स्वतः तपासले की काम झाले. मलाही तसेच वाटे. परंतु सिस्टरांनी मला चीनमधील शांघायची हकिकत सांगितली आणि माझा उत्साह जमिनीवर आला. ती हकिकत आमच्याच धंद्यातील भगिनींची आहे. 1989 ते 1991 या काळात शांघायच्या 519 कापड कारखान्यांतील 2,66,064 स्त्री-कामगारांना एका अभ्यासात घेतले गेले. निम्म्या कारखान्यांत स्वस्तनपरीक्षण काटेकोरपणे शिकविले, पुन:पुन्हा उजळणी घेतली. उरलेल्यांत ते शिकविले नाही. 2002 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू शिकविलेल्या गटात 135 आणि न शिकविलेल्या गटात 131. म्हणजे फरक शून्य. शिकलेल्या स्त्रियांत साध्या, निरुपद्रवी गाठींच्या बायोप्सी मात्र अधिक झाल्या. इतक्या परिश्रमांचा असा ताळेबंद पाहून मी म्हणालो, "सिस्टर, मग हा खटाटोप कशासाठी?"

त्यांचे उत्तर मला पटले. त्या म्हणाल्या, "मी परीक्षा घेत नाही, ओळख करून देते. आपले शरीर नेहमी कसे असते हे बाईला ठाऊक असले, तर बदल झाल्याबरोबर ती बोलेल. अष्टमी चुकली म्हणून काही बिघडत नाही. पण काही आढळल्यावर ती गप्प बसली, तर सारे बिघडते." माझ्या घरी तेच घडले होते. सौभाग्यवतींना गाठ सापडली होती. शिकविण्याची गरज होती ती पुढच्या पावलाची, आणि त्यांच्याइतकीच माझीही.

दुसरा हिशेब आपल्या मुंबईचा आहे आणि तो अधिक आशादायक आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील 20 विभाग निवडून 35 ते 64 वयाच्या 1,51,538 स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या विभागांत दर दोन वर्षांनी एकदा, अशा चार फेऱ्यांत, प्रशिक्षित स्त्री आरोग्यसेविकांनी स्त्रियांचे स्तन हाताने तपासले आणि रोगाची माहिती दिली. या सेविका डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना थोड्या आठवड्यांचे शिक्षण देऊन तयार केले होते. दोन दशकांचा हिशेब 2021 साली प्रसिद्ध झाला. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडलेले रोगी 37 टक्के, दुसऱ्या गटात 47 टक्के. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, आणि सर्व वयांची एकत्र घट 15 टक्के दिसली, तरी ती संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरेशी उतरली नाही. नफ्याबरोबर तोटाही सांगावा, म्हणून हेही सांगितले. परंतु महाग यंत्र नसताना, केवळ शिकविलेल्या हाताने पन्नाशीपुढच्या स्त्रियांचे प्राण वाचतात, ही लहान गोष्ट नव्हे. दहावी शिकलेल्या सेविकेला जे साधले, ते तीन-चार वर्षे शिक्षण घेतलेल्या परिचारिकेला साधणार नाही काय?

शासनाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे 30 ते 65 वयाच्या प्रत्येक स्त्रीची अशी तपासणी दर पाच वर्षांनी व्हावयाची आहे आणि ती आरोग्य केंद्रातील प्रशिक्षित सेविकेने करावयाची आहे. येथे बसलेल्या किती भगिनींची झाली आहे, हे मी हात वर करून विचारणार नाही. मॅमोग्राफीचा निर्णय वय आणि धोका पाहून डॉक्टरांनी घ्यावयाचा.

आता प्रतिबंधाविषयी. खरे सांगावयाचे तर, हा रोग होऊच नये अशी हमी देणारा उपाय नाही. वय वाढणे, स्त्रीदेह असणे, घराण्यातून आलेला दोष, हे आपल्या हाती नाही. घराण्याविषयी एक चूक सर्रास होते: फक्त आईकडची माहिती विचारली जाते. वडिलांच्या बहिणीला, आजीला रोग झाला असेल, तर तोही तितकाच महत्त्वाचा. आणि बंधूंनो, शंभरात एखादा रोगी पुरुषही असतो.

जे हाती आहे त्यात पहिले स्तनपान. 2002 साली 30 देशांतील 47 अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात आढळले की, आईने आयुष्यात जितके महिने अंगावर पाजले, त्यातील दर बारा महिन्यांमागे धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी कमी होतो. बाळंतिणीजवळ पहिले तीन दिवस कोण असते? परिचारिकाच. दूध येत नाही म्हणून रडणाऱ्या मुलीला तिने धीर दिला, बाळ नीट अंगाला लावून दिले, घरच्यांच्या हातातील बाटली बाजूला ठेवली, की प्रतिबंधाचे एक काम तेथेच होते. हे काम कोणत्याही अहवालात दिसत नाही.

दुसरे, पाळी गेल्यानंतर वाढणारे वजन. चातुर्मासात आपण तप करतो आणि पारण्याला काय करतो ते मी सांगावयास नको. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे झपझप चालणे, हे वजनाला आणि या रोगालाही उपयोगी. मद्याने धोका वाढतो, थोड्या प्रमाणातही वाढतो. आपल्याकडे हा प्रश्न नाही असे मी म्हणणार होतो, पण मुलामुलींच्या लग्नातील 'संगीत' पाहिल्यापासून तसे ठामपणे म्हणवत नाही. पाळी जाताना होणाऱ्या त्रासासाठी संप्रेरकांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर्षानुवर्षे चालू ठेवू नयेत.

एक नाजूक विषय येथे मांडणे मला कर्तव्य वाटते. ज्यांना अपत्य झाले नाही, ज्यांनी कधी स्तनपान केले नाही, त्या स्त्रियांत या रोगाचा धोका काहीसा अधिक असतो. अठराव्या शतकाच्या प्रारंभी इटलीतील रामाझ्झिनी या वैद्याने ख्रिस्ती जोगिणींमध्ये हा रोग अधिक आढळतो, असे लिहून ठेवले होते. आपल्या साध्वी आणि आर्यिका माताजींपैकी अनेक जणी बालवयापासून ब्रह्मचारिणी असतात. त्यांची वैयावृत्त्य करताना आपण आहार, औषध, विहाराची व्यवस्था पाहतो. परंतु अशा व्यथेविषयी त्या कोणापाशी बोलणार? पुरुष डॉक्टरांपाशी नाही, आम्हा श्रावकांपाशी तर नाहीच. एखादी शांत, मर्यादा जाणणारी परिचारिका भगिनी वर्षातून एकदा त्यांच्या दर्शनाला गेली आणि दार लावून दोन शब्द बोलली, तर संयमाला बाधा न येता हे काम होऊ शकेल. संघातील ज्येष्ठांनी गुरुजनांची अनुज्ञा घेऊन याचा विचार करावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

परिचारिका भगिनींनाही एक विनंती. सल्ला दिला आणि काम संपले, असे करू नका. आमच्या सिस्टरांकडे एक वही आहे. तीत नाव, कधी पाहिले, कोणाकडे पाठविले आणि बरोबर कोण जाणार, एवढे लिहिलेले असते. उधारीची वही जशी आम्ही आठवड्याला उलगडतो, तशी त्या ही वही उलगडतात आणि न गेलेल्या बाईच्या दारात उभ्या राहतात. 'बरोबर कोण जाणार' हा रकाना सर्वांत मोलाचा. पुष्कळ बायका रोगामुळे अडत नाहीत. नवऱ्याला वेळ नाही, सासूबाईंना सांगितले नाही, घरात लग्न आहे, खर्च किती येईल, यांमुळे अडतात. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे, तिचे कागद कसे करावयाचे हेही सिस्टर सांगतात. बाकीच्या कारणांसाठी घरच्यांशी बोलावे लागते, म्हणून त्या सासूबाईंनाही तितक्याच आदराने नमुना हाती देतात. एका सासूबाईंनी सुनेसाठी आलेल्या सिस्टरांना स्वतःची गाठ दाखविल्याचे मला ठाऊक आहे. ती साधी निघाली.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात कार्यालयामागील खोली महिन्यातून दोन दुपारी परिचारिका भगिनींसाठी मोकळी ठेवावी, दाराला आतून कडी आणि खिडकीला जाड पडदा असावा, असा ठराव महिला मंडळाने दिला आहे. पडद्याचे कापड मी देणार आहे. सिस्टरांच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि मानधन किती, याचा तपशील कोषाध्यक्षांकडे आहे. विश्वस्त मंडळाने तो येत्या बैठकीत मंजूर करावा. सर्व समाजाच्या स्त्रियांसाठी ती खोली उघडी राहावी, हे ठरावात नमूद करून घ्यावे, कारण ते राहून गेले आहे.

आता माझे काम संपले. यापुढील दोन तास सिस्टर आणि सौभाग्यवती दहा नमुने घेऊन भगिनींशी बोलणार आहेत. सूर्यास्तापूर्वी भोजन व्हावयाचे असल्यामुळे पाच वाजता सर्व आटोपावे. पुरुष मंडळींसाठी चहाची व्यवस्था बाहेरच्या मंडपात केली आहे. आपण सर्वांनी माझ्याबरोबर बाहेर यावे आणि जाताना सभागृहाचे दार ओढून घ्यावे.

जय जिनेंद्र.